मॅक ॲड्रेस (नेटवर्कला मशीन ओळखू येतं तो नंबर) बदलायचा आहे, कसा? (ठाणे, खर्च ५०० च्या आत)

कासारवडवलीकर: परवा वीज कडाडली त्यात जुना डेस्कटॉप मदरबोर्डसकट गेला. बाबांसाठी लॅपटॉप आणला, त्याला लॅन पोर्ट (नेटची केबल लावायची जागा) नाही म्हणून केबल जोडायचं यूएसबी डाँगल लावलं. केबल तीच, पण नेट लागत नाही. केबलवाला म्हणतो, "जुन्या मशीनचा मॅक ॲड्रेस आमच्याकडे बांधलाय, ऑफिस आता सोमवारी." जुना नंबर कॅबिनेटच्या मागे स्केचपेनने लिहिलाय, पण शेवटचं अक्षर आठ आहे की बी, कळत नाही. तो नंबर लॅपटॉपला कसा देऊ? राऊटर नको.

ऐरोली_सेक्टर८: राऊटर घ्या. मी २,८०० चा घेतला, त्यात मॅक क्लोन (मशीनचा नंबर उतरवून घेणं) असतं. तीन वर्षं बघावं लागलं नाही.

नौपाड्याचा_शेजारी: क्लोन बटण समोरच्या मशीनचा नंबर उचलतं. जुनं मशीन मेलंय, म्हणजे हातानेच टाकायचा. आधी आत्ताचा नंबर बघा: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग', स्पेस, तिरकी रेघ, 'ऑल'. डाँगलच्या नावाखाली फिजिकल ॲड्रेस, १२ अक्षरं. मग डिव्हाइस मॅनेजर, डाँगलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, 'नेटवर्क ॲड्रेस'. तिथे १२ अक्षरं सलग टाका, मधे रेघ नको. काही ड्रायव्हरमध्ये (डाँगल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हा पर्यायच नसतो.

वाशी_टेक: दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असल्याशिवाय विंडोज घेत नाही!

नौपाड्याचा_शेजारी: ते वायफायला. यांचं वायरचं आहे.

घणसोलीची_ताई: आमच्या सोसायटीच्या वायफायवर नंबरांची यादी आहे. नवा फोन घेतला तर आतच घेईना. अँड्रॉइड १० पासून फोन आपोआप खोटा नंबर दाखवतो, ते त्या नेटवर्कपुरतं बंद केलं तेव्हा चाललं. आठवडा गेला माझा!

मानपाडा_ऑफिसर: दुसऱ्याचा नंबर लावून नेट वापरणं ही चोरी आहे, असले सल्ले देऊ नका.

नौपाड्याचा_शेजारी: स्वतःचाच नंबर, स्वतःचंच कनेक्शन. यात चोरी कसली?

कोपरखैरणे_रिपेअर: एक लक्षात ठेवा. एकाच नेटवर्कवर तोच नंबर दोन मशीनवर ठेवू नका. मी दुकानात ठेवला होता, दोन्हीकडचं नेट सारखं तुटायचं, दिवसभर केबल बदलत बसलो. आठ की बी ते मदरबोर्डवर लॅन पोर्टजवळ स्टिकर असेल तर तिथे बघा. आणि डाँगलला स्वतःचा नंबर असतो, लॅपटॉपला नाही. उद्या लॅपटॉप बदलला तरी डाँगल तेच, नंबर तोच.

पनवेलकर७७: राऊटरच घ्या हो, वर सांगितलंय.

कासारवडवलीकर: सगळ्यांचे आभार. मी नंबर बदललाच नाही. स्टिकर सापडला, बी होतं, पण रिपेअरवाल्या दादांचं डाँगलबद्दलचं पटलं. उद्या विंडोज नव्याने टाकलं की ती सेटिंग जाणार आणि बाबा मला ऑफिसात फोन करणार. दोन दिवस फोनच्या हॉटस्पॉटवर काढले. आज ऑफिसात डाँगलचाच नंबर लिहून दिला, जुना काढायला लावला. दहा मिनिटांत नेट सुरू, खर्च शून्य. बाबांनी डाँगलला पांढरी पट्टी चिकटवून त्यावर डाँगलचा नंबर लिहिलाय, त्यातलाही बी अगदी ठळक.

ऐरोली_सेक्टर८: डाँगल कुठलं घेतलंत? माझ्या भावाला हवंय.