इयर सिक्सची फ्रान्स ट्रिप: पाठवावं का?

प्रेषक: चिऊची आई, रेडिंग
मार्च, रविवार रात्र

नमस्कार मंडळी,

आपल्या मराठी मंडळाच्या ईमेल लिस्टवर घरगुती प्रश्न टाकतेय, सचिवांनी रागावू नये.

चिऊच्या शाळेची इयर सिक्सची (प्राथमिकच्या शेवटच्या वर्गाची) मुक्कामी ट्रिप जूनमध्ये फ्रान्सला जातेय. सोमवारी पहाटे पाचला शाळेच्या गेटवर हजर, डोव्हरहून फेरीने कॅले, मग बुलोनजवळच्या एका सेंटरमध्ये चार रात्री. शुक्रवारी रात्री परत. कार्यक्रमात नॉसिका मत्स्यालय, बेकरी, आठवडी बाजार, गोगलगायींचं फार्म (पाळतात, आणि चाखायलाही देतात म्हणे!) आणि एक दिवस पहिल्या महायुद्धाची स्मारकं. फोन न्यायचा नाही. हप्ते भरायचे आहेत आणि आकडा चांगलाच आहे.

चिऊ शाकाहारी आहे, केकमधलं अंडं चालतं. आजोळ सोडून एकही रात्र बाहेर राहिलेली नाही. सासूबाई सध्या इथे आहेत, त्यांचं एकच पालुपद, "दहा वर्षांच्या पोरीला परमुलखात धाडतात का?" नवरा म्हणतो जाऊ दे. चिऊने तर बॅग मनातल्या मनात भरूनही टाकली आहे.

तिच्या एका मैत्रिणीचा पासपोर्ट भारतीय आहे. तिच्या आईचा प्रश्न व्हिसाचा. ज्यांची मुलं जाऊन आली आहेत त्यांनी प्लीज लिहा.

प्रेषक: गव्हर्नर काका, स्लाव

चिऊच्या आई,

मी इथल्या एका प्राथमिक शाळेवर काही वर्षं गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा सदस्य, आहे, तेव्हा पैशांचं आधी सांगतो. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार शाळेच्या वेळेतल्या शिक्षणाचे पैसे मागता येत नाहीत. सोमवार ते शुक्रवारची ट्रिप शाळेच्या वेळेत धरली जाते. मग राहण्या-जेवणाचा जो खरा खर्च तेवढाच पालकांकडून घेता येतो; बस, फेरी, तिकिटं यांसाठी 'ऐच्छिक वर्गणी'. ऐच्छिक म्हणजे आपल्या गणपतीच्या वर्गणीसारखी नाही, खरोखर ऐच्छिक. दिली नाही म्हणून एखाद्या मुलाला मागे ठेवता येत नाही. मात्र पुरेशी जमली नाही तर शाळा ट्रिपच रद्द करू शकते, म्हणून ज्यांना जमतं त्यांनी द्यावी. युनिव्हर्सल क्रेडिटसारखे ठरावीक सरकारी लाभ घेणाऱ्या घरांना राहण्या-जेवणाचाही खर्च माफ असतो. लिस्टवर कोणी अशा अडचणीत असेल तर शाळेच्या ऑफिसात हळूच विचारा. लाजू नका, तो हक्क आहे.

चिऊचा पासपोर्ट ब्रिटिश असेल तर त्याची मुदत बघून ठेवा. लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, आणि युरोपातून बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने तरी तो शिल्लक हवा. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर नवी नोंदणी सुरू झाली आहे. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात. आणि फ्रेंच पोलीस डोव्हरलाच बसतात, फेरीत चढायच्या आधी. तिथे अडकलं की सगळी बस खोळंबते.

भारतीय पासपोर्टवाल्या मुलीचं जास्त मनावर घ्या. ब्रेक्झिटआधी ब्रिटिश कौन्सिलकडून सगळ्या वर्गाची एक यादी करून मिळायची, तिच्यावर मुलं व्हिसाशिवाय जायची. आमच्या शाळेने अशा दोन-तीन ट्रिपा काढल्या. ती सोय गेली. आजचा नियम ट्रिप-प्रमुख शिक्षकाने फ्रान्सच्या अधिकृत व्हिसा साइटवरून काढून तुम्हाला लेखी द्यायला हवा, आणि तो आत्ता. मे महिन्यात नव्हे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचाराल तर सतरा जण सतरा उत्तरं देतील.

प्रेषक: दोन मुलग्यांची आई, ब्रॅकनेल

अगं, पाठव बिनधास्त! माझा मोठा जाऊन आला, अजून जिवंत आहे.

पण जेवणाचं नीट ऐक. फॉर्मवर नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून थांबू नकोस. पहिल्या रात्री याच्या सॅलडवर ट्यूना होता. दुसऱ्या रात्री पास्त्यात लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक चौकोनी तुकडे, जे तिथल्या स्वयंपाकघरात आपल्या फोडणीतल्या कढीपत्त्यासारखे पडतात. विचारलं तर काकू निरागसपणे म्हणाल्या, यात 'व्यांद', म्हणजे मांस, नाहीये. हॅम त्यांच्या लेखी वेगळं प्रकरण! तेव्हा कागदावर एकेक नाव घालून लिही, सां व्यांद, सां प्वासों, सां जांबों, सां लार्दों. मांस नको, मासे नकोत, हॅम नको, ते तुकडेही नकोत. चिऊकडून पाठ करून घे. फ्रेंच 'र' घशातून काढावा लागतो. सरावाने तिला जमेल, इंग्रज पोरांची फजिती होते.

वाईट असं नाही हं. २०१९ पासून तिथल्या शाळांच्या कँटीनमध्ये आठवड्यातून एकदा बिनमांसाचं जेवण द्यावं लागतं, तेव्हा स्वयंपाक्यांना आता निदान शब्द तरी माहीत आहे. पॅनकेक, ब्रेड, सूप, बटाटे यांवर पोर आरामात चार दिवस काढते. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, आणि जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट. ते किती पाळायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही डोळे मिटले.

डबा: दाण्याची चिक्की, दाण्याचे लाडू अजिबात नाहीत, वर्गात कुणाला तरी अॅलर्जी असतेच. शिवाय इथून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. साजूक तुपातला बेसन लाडू बिस्किटात मोडतो की दुधात, यावर डोव्हरच्या पोलिसाशी वाद घालायची माझी तरी तयारी नाही. तेलातल्या शंकरपाळ्या आणि भडंग (दाणे काढून) दे. औषधं मूळ खोक्यात, नावासकट, शिक्षकांच्या हाती. आमच्या आईने गुपचूप कोंबलेली हवाबाण हरडेची पुडी शिक्षकांना सापडली आणि मला फोन आला होता.

प्रेषक: सचिव

मंडळी, विषय चालू असताना मध्ये तोंड घालतो. पाडव्याला श्रीखंडासाठी नेलेला मंडळाचा मोठा टोप कोणाकडे आहे? झाकणासकट.

प्रेषक: खडकीवाले काका, मेडनहेड

चि. सौ. चिऊच्या आईस,

टोप माझ्याकडे नाही.

बाकीच्यांनी पोटापाण्याचं सांगितलंच आहे. मी त्या महायुद्धाच्या दिवसाबद्दल लिहितो. शाळा बहुधा एखादी ब्रिटिश दफनभूमी दाखवेल. कॅलेपासून बसने सव्वा तासावर, बेथ्यून आणि आर्मांतिएर यांच्या मधल्या सपाट शेतात, न्यूव्ह शापेल नावाचं गाव आहे. तिथल्या चौकात भारतीय स्मारक आहे. हर्बर्ट बेकरने बांधलं, दिल्लीचं जुनं संसद भवन बांधणाऱ्यांतला तोच. ७ ऑक्टोबर १९२७ ला उद्घाटन झालं. साधारण पंधरा मीटरचा खांब, वर कमळ, पायथ्याशी दोन वाघ, भोवती गोल आवार. आवाराची एक बाजू सांचीच्या कठड्याची आठवण करून देते, दुसऱ्या बाजूला भिंत आणि तिच्यावर नावं. ज्यांची कबर सापडली नाही असे ४,७०० हून जास्त.

मी बोपोडीत वाढलो. खडकीच्या बीईजीच्या, म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुप या लष्करी दलाच्या, मैदानावरचा बिगूल आमच्या घरी ऐकू यायचा, पण हे मला इथे येऊन पन्नाशीत कळलं. २८ ऑक्टोबर १९१४ ला खडकीच्या ३ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ या दोन कंपन्या ४७व्या शीख पलटणीबरोबर याच गावात संगिनी घेऊन शिरल्या. सॅपर म्हणजे खंदक खणणारा, पूल बांधणारा माणूस. त्यांना पायदळासारखं घराघरातून लढायला लावलं. कंपन्यांचे ब्रिटिश अधिकारी एकूण एक पडले किंवा जखमी झाले, शिपाई किती गेले ते भिंत सांगते. गाव काही हातात राहिलं नाही. पुढे मार्च १९१५ ला त्याच गावासाठी मोठी लढाई झाली. गबर सिंग नेगी या गढवाली शिपायाला त्यात मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याचंही नाव भिंतीवर आहे. जवळच पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे. आपल्या गोवेकर मंडळींनी तीही पाहावी.

शाळेला विचारून तर बघ. बस अर्धा तास वाकडी गेली तर काय बिघडतं?

प्रेषक: विंडसरचे बाबा

काका, आदर ठेवून लिहितो. दहा वर्षांची पोरं आहेत. समुद्र, पॅनकेक, रात्री उशांची मारामारी, यासाठी ट्रिप असते. आपल्या मोठ्यांना जे उशिरा कळलं ते सगळं पोरांच्या बॅगेत कोंबायचं, ही आपली जुनी खोड. शिवाय वर्गातली एकटी भारतीय मुलगी 'आमचं स्मारक' म्हणून पुढे ढकलली जाणार, ते तिला आवडेल का? तिला विचारलंय कोणी?

प्रेषक: खडकीवाले काका

मुद्दा बरोबर आहे. तिलाच विचारा.

प्रेषक: चिऊची आई

विचारलं. ती म्हणाली, "वाघ खरे आहेत की दगडाचे?" दगडाचे म्हटल्यावर जरा हिरमुसली, पण चालेल म्हणाली. शाळेला ईमेल केली आहे. सासूबाई अजून माझ्याशी तुटक बोलतात. मैत्रिणीच्या आईने शाळेकडून लेखी मागितलं आहे.

प्रेषक: चिऊची आई
जून, शनिवार

मंडळी, आली! दोन्ही मैत्रिणी गेल्या आणि दोन्ही आल्या. एक मोजा, टोपी आणि टूथब्रश फ्रान्सला राहिले. अठ्ठावीस युरोतले सव्वीस पहिल्याच दिवशी मत्स्यालयाच्या दुकानात गेले, एका मऊ शार्क माशावर.

जेवणाचा कागद कामी आला. एकदाच हॅमचा सँडविच हाती आला, तर हिने 'सां जांबों' म्हणून परत केला आणि तिथल्या काकूंनी टाळ्या वाजवल्या म्हणे. गोगलगाय खाल्ली नाही. मात्र तिच्या वाटीतल्या लसूण-लोण्यात पाव बुडवून खाल्ला. हे सासूबाईंना सांगितलेलं नाही, लिस्टवरच्या कोणीही सांगू नये. दुसऱ्या रात्री थोडं रडू आलं होतं. हे मला शिक्षिकेकडून कळलं, चिऊने कबूल केलेलं नाही.

शाळेने वाट वाकडी केली. पंचवीस मिनिटं मिळाली, त्यातली दहा पावसात. खडकीच्या लोकांचा रकाना शोधून द्यायला काकांनी पाठवलेला कागद शिक्षिकेने छापून नेला होता. तिने नावं वाचायला सुरुवात केली, दोन नावांनंतर अडखळली आणि चिऊला म्हणाली, तू वाचतेस का? विंडसरचे बाबा, तुमचा मेल मला तेव्हा आठवला असता, पण मी तिथे नव्हते. चिऊने वाचली. रेनकोटची टोपी सारखी डोळ्यांवर येत होती म्हणून सगळी वाचून झाली नाहीत, असं ती सांगते. मग तिने वाघाचं चित्र काढलं. तो आमच्या बोक्यासारखा दिसतो.

काल रात्री झोपताना विचारत होती की भिंतीवर नावं इंग्रजीत आहेत, मग त्यातल्या 'एल'ला 'ल' वाचायचं की 'ळ', हे कसं कळणार? तिने सगळीकडे 'ल' वाचलं आणि आता तिला वाटतंय की चुकलं. काका, याला मी काय सांगू?

टोप आमच्याच गॅरेजमध्ये निघाला, सॉरी. झाकण नाही.