अलर्टच्या कारणात नुसतं टिंब! काय करू?

प्रश्न: मी ई-प्रिस्क्रिप्शनचा डेटा बघते. डॉक्टर बहुतेक अलर्ट (औषध लिहिताना संगणक दाखवतो ते धोक्याचे इशारे) न वाचताच बंद करतात आणि ‘का बंद केला’ या कारणाच्या रकान्यात एक टिंब ठोकतात. यातून काय काढायचं?

उत्तर १: टिंब हाही डेटाच की! जो अलर्ट सगळेच उडवतात, तो बहुधा नियमच बिनकामाचा. पण मेथोट्रेक्सेट हे औषध वेगळं काढा. संधिवातात ते आठवड्यातून एकदाच देतात. यादीतून चुकून ‘रोज’ निवडलं गेलं तर जिवावर बेततं. कामाला बसलो की मी आधी तेच तपासतो.

उत्तर २: एककंही बघा. लेव्होथायरॉक्सिनला (थायरॉइडचं औषध) मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅम पडलं की डोस १,००० पट!

प्रश्नकर्ती: मेथोट्रेक्सेटचं एक सापडलं. ‘किती वेळा’च्या रकान्यात ‘रोज’, खाली सूचनेत ‘दर सोमवारी’. फार्मासिस्टला फोन लावतेय.