शब्दचर्चा : 'व्हान', 'सेन' आणि वलंदेजांची आडनावे

प्रश्न : जुन्या मराठी कागदांत डच लोकांना 'वलंदेज' म्हटलेले आढळते. आज्ञापत्रातल्या टोपीकरांच्या यादीतही ते आहेत. या लोकांच्या आडनावांतले 'व्हान' म्हणजे आपले 'कर'च का? आणि आडनाव धरून त्यांची वंशावळ किती मागे नेता येते? जाणकारांनी सांगावे.

उत्तर : 'वलंदेज' आपल्याकडे पोर्तुगिजांच्या तोंडून आला. हॉलंडचा तो वलंदेज. सतराव्या शतकात त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली, तिचे अवशेष आजही आहेत.

'व्हान' आणि 'कर' यांची जात एकच. 'व्हान डेन बर्ख' म्हणजे डोंगराकडचा. चित्रकार व्हान गॉग यांचे आडनाव बहुधा सरहद्दीपलीकडच्या गॉख या जर्मन गावावरून आले. नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतात हेच काम 'स्त्रा' हा प्रत्यय करतो: डाइकस्त्रा म्हणजे बांधाजवळ राहणारा. जर्मन 'फॉन'सारखा खानदानीपणाचा वास मात्र 'व्हान'ला नाही. जर्मन संगीतकार बेथोव्हनचे आजोबा फ्लेमिश मुलखातल्या (आजच्या बेल्जियममधल्या) मेखेलेनचे, म्हणून त्याच्याही नावात 'व्हान' होते. पुतण्याच्या ताब्याचा दावा त्याने व्हिएन्नात उमरावांच्या न्यायालयात लावला होता. १८१८ मध्ये उमरावीचा पुरावा देता आला नाही, तेव्हा तो खटला सामान्यांच्या न्यायालयात गेला.

वंशावळीबद्दल कळकळीने सांगतो, आडनावावर विसंबू नका. शोध घेणारे पहिली ठेच तिथेच खातात. जुन्या काळी बहुतेक सामान्य डच माणूस बापाच्या नावाने ओळखला जाई. यानचा मुलगा पीटर तो 'पीटर यान्सझोन', मुलगी 'यान्सडोख्टर'. कागदावर हे 'यान्स.' असे तोडून लिहीत, आणि 'यान्सेन' हे आजचे आडनाव त्यातूनच गोठले. त्यात थोरल्या मुलाला बहुधा आजोबांचे नाव ठेवायची रीत, आपल्याकडेही कित्येक घरांत असते तशी. मग पीटर यान्सझोनचा मुलगा यान पीटर्सझोन आणि नातू पुन्हा पीटर यान्सझोन! आजोबांची चार मुले असली की एकाच गावात, एकाच वयाचे, एकाच नावाचे चुलतभाऊ तयार. अशा वेळी बाप्तिस्म्याच्या नोंदीतले साक्षीदार बघावेत. ते बहुतेकदा आत्या, मामा, आजी असे जवळचेच असतात आणि कोणता पीटर कोणाचा, याचा उलगडा त्यांच्यावरून होतो. 'डे योंग', म्हणजे धाकटा, हे आडनावही बहुधा अशा एकसारख्या नावांतला थोरला-धाकटा सांगण्यासाठी पडले असावे. आज ते नेदरलँड्समधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी आहे.

पूर्वेकडे ट्वेंटे आणि आख्टरहूक भागात आणखी निराळी गंमत. तिथे नाव माणसाचे नसून वाडीचे. घरजावई होऊन शेतवाडीवर राहायला आलेला पुरुष वाडीचे नाव लावी आणि मुलांनाही तेच लागे. त्यामुळे एकाच आडनावाची माणसे रक्ताची असतीलच असे नाही, आणि सख्ख्या भावांची आडनावे वेगळी निघू शकतात.

पुन्हा प्रश्न : मग आडनावे कायम कधी झाली? नेपोलियनच्या अधिकाऱ्यांना चिडवायला लोकांनी मुद्दाम वाह्यात नावे नोंदवली, असे वाचले आहे.

उत्तर : नेदरलँड्स फ्रेंच साम्राज्यात होते तेव्हा, ऑगस्ट १८११ मध्ये, आडनाव नोंदवण्याचा हुकूम निघाला. पश्चिमेकडच्या हॉलंड प्रांताच्या शहरांत अनेकांना आधीच आडनावे होती. हुकुमाचा खरा परिणाम फ्रिसलंड, ग्रोनिंगेन, ड्रेंथे या उत्तरेकडच्या प्रांतांत झाला. चिडवण्याची गोष्ट मात्र दंतकथाच समजा. 'नाक्तखेबोरेन' (शब्दशः 'नागडा जन्मलेला') हे आडनाव तिच्या पुराव्यादाखल हटकून सांगतात, पण ते १८११ च्या आधीपासून आहे. त्यामागे 'बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला' या अर्थाचा जर्मन शब्द असावा, असे मानतात. पोरक्या मुलाच्या नावाला आपण थट्टा समजत आलो!

पुरवणी, शोध घेणाऱ्यांसाठी : १८११ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सापडते (दक्षिणेकडच्या लिम्बुर्ख प्रांतात १७९६ पासून). त्याआधीचे चर्चच्या वह्यांत शोधावे लागते. सरकारी नोंदींत बाईचे माहेरचे नाव मरेपर्यंत टिकते, त्यामुळे आईकडची बाजू धरणे आपल्याकडच्यापेक्षा किती तरी सोपे जाते. सगळ्यात मोलाची म्हणजे लग्नाच्या नोंदीला जोडलेली कागदांची चळत: वधूवरांचे जन्मदाखले, आईबाप हयात नसतील तर त्यांचे मृत्युदाखले, कधी आजीआजोबांचेही. नवऱ्या मुलाच्या लष्करभरतीच्या दाखल्यात पुष्कळदा त्याची उंची, कपाळ, डोळे, केसांचा रंगही लिहिलेला असतो. फोटो नसलेल्या काळातल्या पणजोबांचे असे वर्णन हाती लागणे ही थोडी गोष्ट नव्हे.

यादीत नाव शोधताना नेदरलँड्समध्ये 'व्हान' सोडून पुढच्या शब्दाचे अक्षर बघा, बेल्जियममध्ये 'व्हान'खालीच बघा. अमेरिकेत गेलेल्यांचे तर सगळे जोडूनच टाकलेले असते: डे बिल्ट गावाकडचे ते व्हँडरबिल्ट.