इनामगावसारखी दगडी पाती घडवताना दगड फुटतो, पाते निघत नाही

घोडकाठ:
शिरूर तालुक्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन उत्खननात मिळालेल्या, दोन्ही कडा समांतर असलेल्या कॅल्सेडनीच्या (गारगोटीसारख्या कठीण दगडाच्या) पात्यांची प्रतिकृती घडवण्याचा मी दोन महिने प्रयत्न करीत आहे. परंतु हातोडी बसताच दगडाचे ओबडधोबड तुकडे होतात. घावात जोर कमी पडतो, की दगडच चुकीचा आहे?

अश्मछंदी:
जोर बहुधा जास्तच होत असावा, आणि लोखंडी हातोडी तर आधी बाजूला ठेवावी. जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे इनामगावच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतल्या, कारागिरांचे खरे कसब घावापूर्वीच्या तयारीत होते. गाभ्याच्या, म्हणजे ज्या दगडातून पाती काढायची त्याच्या, एका कडेवर आळीपाळीने दोन्ही बाजूंनी बारीक छिलके काढले की तेथे नागमोडी कंगोरा तयार होतो, आणि वरून दिलेला दाब त्या कंगोऱ्याच्या रोखाने सरळ खाली उतरतो. कंगोऱ्यासह सुटणारे पहिले पाते वेडेवाकडेच असते. पण त्याच्या जागी दोन समांतर कंगोरे उरतात आणि पुढची पाती त्यांच्याच आधाराने निघतात. गाभ्याचा माथा आणि पाते सुटणारी बाजू यांतील कोन काटकोनापेक्षा थोडा कमी हवा. माथ्याची कडही खरबरीत दगडाने घासून घ्यावी, नाहीतर ती चुरडते आणि पाते निम्म्यावरच पायरीसारखे तुटते. (हे उमगायला माझा एक अख्खा पावसाळा गेला.)

नदीकाठचा:
दगडाची धूळ फुफ्फुसांत साचते. गुजरातेतील खंबातच्या अकीक दगड घडवणाऱ्या कारागिरांमधील सिलिकोसिस, म्हणजे अशा धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार, सर्वज्ञात आहे. काम उघड्यावर, मुखपट्टी व चष्मा लावून आणि मांडीवर जाड चामडे घेऊनच करावे. प्राचीन स्थळावरचा एकही दगड उचलू नये आणि आपले छिलकेही तेथे टाकू नयेत, कारण ते पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करतात. मी माझा कचरा परसात पुरतो आणि त्यासोबत चालू सालाचे नाणे टाकतो.

घोडकाठ:
कड घासून, हातोडीऐवजी नदीतला गोटा वापरून आज पुन्हा प्रयत्न केला. जेमतेम चार सेंटीमीटरचे, शेवटाकडे किंचित वळलेले एक पाते निघाले. त्याने पिकलेला टोमॅटो न दाबता कापला गेला. आता ते लाकडी खोबणीत बसवण्यासाठी बाभळीचा डिंक चालेल का?