मदत हवी आहे: बॉलपेनच्या शाईतले रंग वेगळे होत नाहीत
अकरावीच्या मुलांसाठी प्रयोग ठरवलाय: पावतीवरच्या 1 चा 7 दोनपैकी कोणत्या पेनाने केला, हे पेपर क्रोमॅटोग्राफीने (कागदावर द्रावक चढू देऊन शाईतले रंग वेगळे करायची पद्धत) शोधायचं. काळ्या स्केचपेनचे रंग साध्या पाण्यात सुरेख सुटले, मुलं हरखून गेली! बॉलपेनची शाई मात्र पाण्यात हलतच नाही. सर्जिकल स्पिरिटमध्ये चढते, पण नुसता लांब फराटा उठतो आणि दोन्ही पेनांचा सारखाच दिसतो. व्हॉटमन क्र. 1 गाळणकागद, पेन्सिलची रेघ, द्रावकाच्या वर राहील असा बारीक ठिपका, झाकलेलं बीकर, हे सगळं पाळलंय. जेल पेन नको, त्यातलं रंगद्रव्य बरेचदा विरघळतच नाही. फ्यूम हूड (वाफा बाहेर खेचणारं कपाट) नाही, टीएलसी प्लेट (कागदाऐवजी पातळ थर दिलेल्या पट्ट्या) परवडत नाहीत, तास 40 मिनिटांचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी कोणत्या प्रमाणात घेतलं तर पट्टे वेगळे दिसतील?