'पाठ' लिहू की 'कंबर'? प्रश्नावलीचं भाषांतर अडलंय

रानवारा:
फिजिओथेरपीच्या मास्टर्सला आहे, प्रबंधासाठी कंबरदुखीची रोलंड-मॉरिस प्रश्नावली मराठीत करतेय. 24 वाक्यं, त्यातलं जे आज आपल्याला लागू पडतं त्यावर खूण करायची, जितक्या खुणा तितके गुण. बहुतेक वाक्यांत 'बॅकमुळे' असं येतं, आम्ही सरळ 'पाठीमुळे' केलं. परवा एक आजी आल्या, टेबलाला धरून कशाबशा उठत होत्या आणि फॉर्म अख्खा कोरा! विचारलं तर म्हणाल्या, "पाठीला काही नाही गं माझ्या, कंबर गेलीय." म्हणजे 24 पैकी शून्य. मी 'कंबर' करते म्हटलं तर सर म्हणतात मूळ शब्द सोडू नका. तुमच्याकडे काय म्हणतात?

देशमाती:
दोन्ही नको, 'कटी' घ्या. कंबर हा फारसी 'कमर', आपला शब्द असताना उसना कशाला? पंढरीचा विठोबा कर कटावर ठेवूनच उभा आहे ना.

चिंचबन:
काका, कटी म्हटलं की विठोबाच आठवणार, दुखणं नाही. शेतात दिवसभर खुरपून आलेली बाई 'कटी दुखते' म्हणताना ऐकलीय का तुम्ही कधी? कंबर कसतो, कंबर बांधतो, कंबरडं मोडतं, आता हा शब्द परका कसा म्हणायचा.

मांडवी:
आम्ही गोव्याचे. घरात पाठ म्हणजे 'फाट' आणि कंबर म्हणजे 'पेंकट'. माझ्या आईला पाठ म्हटलं की ती खांद्याच्या पात्यांमध्ये हात नेते, खाली नाही. त्या आजींचं बरोबरच आहे.

दुभाषी:
रानवारा ताई, मी अशा दोन प्रश्नावल्यांवर काम केलंय, तुमचा घोळ नेमका कुठे आहे ते सांगतो. रीत अशी असते की दोघं वेगवेगळं भाषांतर करतात, त्यांचं मिळून एक करायचं, मग मूळ न पाहिलेले दोघं ते परत इंग्रजीत नेतात, समिती ताडून बघते आणि शेवटी 30-40 रुग्णांकडून भरून घेतात. आता 'पाठ' परत नेलीत तर 'बॅक'च येणार, समिती खूश. 'कंबर' नेलीत तर 'वेस्ट' येईल आणि सगळे दचकतील! म्हणजे चुकीचा शब्द पास आणि बरोबर शब्द नापास. हे फक्त रुग्णासमोर बसल्यावरच कळतं, तुमच्या आजींनी कळवलं. सरांना तो कोरा फॉर्मच दाखवा. आणि 'बॅकमुळे' हे शब्द 1983 मध्ये मुद्दाम जोडलेत, मूळ 136 वाक्यांची सर्वसाधारण आजारपणाची यादी होती, त्यातली 24 निवडताना दुसऱ्या दुखण्याची भेसळ नको म्हणून. तेव्हा सगळा भार त्याच एका शब्दावर आहे.

रानवारा:
दादा खूप खूप आभार, हे मला कोणी असं सांगितलंच नव्हतं. 'पाठ किंवा कंबर' असं दोन्ही लिहिलं तर?

चिंचबन:
मग ज्याची वरची पाठ दुखते तोही खूण करेल. त्यापेक्षा पहिल्या पानावर शरीराचं चित्र द्या आणि कमरेचा भाग रंगवा.

सातपुडा:
मला वेगळीच शंका आहे. कंबरदुखीचीच ऑस्वेस्ट्रीवाली प्रश्नावली, 1980 ची, दहा भाग आणि प्रत्येकात सहा वाक्यं, तिच्या नावातच 'डिसॅबिलिटी' आहे. आमच्या ओपीडीत एकाने 'अपंगत्व निर्देशांक' छापलं होतं, तर निम्मे लोक घाबरले, मी अपंग झालो का म्हणून, आणि काहींनी सर्टिफिकेट कधी मिळेल विचारलं. याला शब्द काय?

देशमाती:
अक्षमता.

सातपुडा:
ते तर नापासाचं लेबल वाटतं हो. मी 'कामात येणारी अडचण' म्हणतो, लांब आहे पण कळतं.

देशमाती:
असं फोड करत बसलं तर मराठीत संज्ञा उरणारच नाहीत. आज शब्द रुळवला नाही तर पुढच्या पिढीला कुठून कळणार? माझं कळकळीचं म्हणणं आहे हे.

रानवारा:
काका, पटतं, पण रुग्ण आज समोर बसलाय, त्याला आज कळायला हवं ना. आणि मोजे घालताना त्रास होतो असं एक वाक्य आहे, आमच्या निम्म्या बायका आयुष्यात मोजे घालत नाहीत. 'पायात पैंजण अडकवताना' करू का? वाकणं तेच.

दुभाषी:
करा, पण समितीने कारण लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या देशांतल्या आकड्यांशी तुलना करताना अडचण येते.

मांडवी:
पैंजण सगळ्या घालत नाहीत पण. पायाची नखं काढणं घ्या, पुरुषांनाही चालेल.

गोदाकाठ:
उशिरा आलो. माझी आई नांदेडची, ती 'कंबर दुखते' आणि 'कंबर धरली' यात फरक करते. दुखते म्हणजे ठणका, काम चालू राहतं. धरली म्हणजे वाकताच येत नाही. तुमच्या फॉर्मला खरं तर 'धरली' हवी. आणि उसण भरली हे तिसरंच, ती एकदम येते.

चिंचबन:
उसण! आमच्याकडे उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाला बोलवायचे, त्याचा पाय पाठीला लावायचा. त्यात पाठच म्हणायचे, कंबर नाही, हे आत्ता लक्षात आलं.

गोदाकाठ:
आमच्या गल्लीत पायाळू म्हणजे मीच. पहाटे पहाटे लोक दार वाजवायचे, आई मला झोपेतून उठवून न्यायची आणि ती माणसं मला 'दादा' म्हणायची, मी तेव्हा सात वर्षांचा होतो.