अनुभव धागा: नागपुरातला आपल्या घरचा नाताळ

डिसेंबर लागला की सदर बाजाराच्या दुकानांत कागदी तारे लटकतात आणि ऑफिसात दरवर्षी तोच प्रश्न, तुमच्याकडे केक असतो ना? असतो हो. पण मराठी ख्रिस्ती घरात त्या आठवड्यात इतकं काय काय चालू असतं की केक त्यातला एक कोपरा. आमच्या आईचं डब्यांचं गणित वेगळंच. दिवाळीत शेजारून फराळाचे डबे येतात, रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून ती ते धुऊन ठेवून देते आणि थेट बड्या दिवसाला, म्हणजे नाताळाला, करंज्या, चिवडा, शंकरपाळे भरून पाठवते. मधले दीड-दोन महिने शेजारच्या काकू आपला स्टीलचा डबा शोधत असतात. तर तुमच्या घरचं लिहा, रेसिपी असली तर मापासकट.

मोहननगरची नात: आजीचा केक घरी भाजला जायचाच नाही. घरी ओव्हनच नव्हता. मैदा, अंडी, लोणी, टुटीफ्रुटी, काजू असं सगळं पिशव्यांत बांधून गल्लीतल्या बेकरीत न्यायचं, तिथे भट्टीसमोर नंबर लावून बसायचं, आणि आपल्या टिनांवर नावाची चिठ्ठी चिकटवायची कारण बाहेर काढल्यावर सगळे सारखेच दिसतात. आमच्याकडे रम चालत नाही, त्यामुळे मनुका-बेदाणे संत्र्याच्या रसात भिजवायचे. हिवाळ्यात निघणारी आंबिया बहाराची संत्री तेव्हा ढिगाने असतात. फक्त रस आंबतो, म्हणून आदल्या रात्रीच भिजवा, रमसारखं महिनाभर आधी नाही. रंगासाठी साखर कोरड्या कढईत काळपट होईपर्यंत जाळायची, मग गरम पाणी बेताबेताने, तेही लांब उभं राहून. उडतं फार. संत्र्याच्या साली टाकू नका, आतला पांढरा भाग खरवडून पाकात शिजवून बारीक चिरून घाला, बाजारच्या केकला हा वास येत नाही म्हणजे नाही.

अजनीचा ढोलकीवाला: आमच्याकडे घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरणारी कॅरल पार्टी म्हणजे पेटी, ढोलकी, खंजिरी आणि मफलर गुंडाळलेले पंधरा-वीस पोट्टे. रात्री जेवणं झाली की निघायचं, इकडच्या घरी चहा, तिकडच्या घरी समोसा, तिसऱ्या घरी पुन्हा चहा, आणि शेवटचं घर येईस्तोवर सांताक्लॉज झालेला पोट्टा दाढी खिशात घालून झोपेत चालून राहिला असायचा. त्यात हिवाळी अधिवेशन. सिव्हिल लाइन्सकडे वळलो की बंदोबस्तातले पोलीस थांबवायचे, कुठे चालले बे ढोलकी घेऊन? एकदा एका हवालदारसाहेबांनी गाणं म्हणायलाच लावलं, मग सोडलं. जमलेले पैसे चर्चच्या गरीब फंडात जातात, समोशाचा हिशोब कोणी विचारत नाही.

खलाशी लाइन: चहा खरंच फार होतो 😀

सासर कॅथलिक, माहेर नाही: लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात सासूबाईंनी परातीत माती घेऊन गहू पेरले तेव्हा मला वाटलं घटच बसवताहेत! मग कळलं की येशूजन्माच्या गव्हाणीच्या देखाव्यात हे गवत म्हणून ठेवायचं. दहा-बारा दिवस आधी पेरायचे, थंडीत उगवायला वेळ लागतो, म्हणून रात्रभर भिजवून घ्या. मेंढपाळ, मरिया, योसेफ सगळे आधीच मांडतात, पण बाळाची जागा २४च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी. चर्चमधल्या मिस्साहून, म्हणजे रात्रीच्या उपासनेहून, आलो की घरातलं सगळ्यात लहान मूल बाळ येशू ठेवतं. आमच्याकडे यावरून दोन चुलत भावंडांत भांडण लागतं, मोठं सांगतं मी अजून लहानच आहे.

आणि देखावा लगेच उचलत नाहीत बरं का, ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाल्यावर.

कामठी रोड: पपा गेले त्या वर्षी आम्ही काहीच तळलं नाही. तारा पण लावायचा नव्हता. २४ला संध्याकाळी चर्चच्या मंडळीतल्या मावश्या न सांगता आल्या, एकीने सोबत शेव आणली, एकीने अनारसे, आणि एका काकांनी स्टुलावर चढून बाहेर तारा बांधला, आईला विचारलं पण नाही. आई रागावली असं मला वाटलेलं. नंतर तिनेच बल्ब बदलायला सांगितला, जुना उघडझाप करत होता म्हणून. तेव्हापासून ज्या घरी असं वर्ष असेल तिथे आमच्या घरून फराळ जातो.

सदरचा थोरला: आम्ही ऑल सेंट्सला जाणारे, १८५१ सालचं चर्च, सकाळच्या उपासनेला स्वेटरवर शाल लागतेच. पण खरं सांगू का, माझं लक्ष घरच्या मटणाकडे. दुपारी सावजी रस्सा, त्याशिवाय आमच्याकडे बडा दिन होत नाही. तो भाजलेल्या टर्कीचा सीन टीव्हीवरच ठीक आहे.

मोहननगरची नात: दादा, सावजीवर लगेच केक खाता का तुम्ही?

सदरचा थोरला: संध्याकाळी, चहासोबत. आणि ते संत्र्याच्या सालींचं माप लिहा की, अर्धा किलो मैद्याला किती घालू?